सोंगणीच्या दिवसांत लेकरू कुठं ठेवायचं? अंगणवाडी, कॉन्व्हेंट की घर

ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी लागली की आमच्या भागात सकाळी साडेसहालाच मजुरांची गाडी फाट्यावर येऊन उभी राहते. गेल्या सोंगणीत मी एका गावात मुक्कामी होते. शेजारच्या बाईनं फडक्यात भाकर बांधली, विळा पिशवीत टाकला आणि अडीच वर्षांची लेक दुसरीत शिकणाऱ्या थोरलीच्या कडेवर दिली. "आजी उठली तं आजीजोळ देजो, नाही तं आज घरीच राय." गाडी निघून गेली. थोरली दारात उभी राहिली, पाठीवर दप्तर आणि कडेवर बहीण. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही, आणि पुढचे नऊ दिवसही नाही.

बचत गटाच्या कामानिमित्त मी यवतमाळ जिल्ह्यातली गावं फिरते. मीटिंग संपली की एखादी तरी बाई मागं थांबून विचारते, "ताई, पोट्ट्याले अंगणवाडीतच राहू देऊ, का कॉन्व्हेंटमध्ये टाकू?" आपल्याकडं दोन खोल्यांच्या खाजगी नर्सरीलाही कॉन्व्हेंटच म्हणतात, मीही इथं त्याच अर्थानं म्हणते. प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न आहे आणि तो त्या दारात उभ्या असलेल्या थोरलीचा आहे. मायबाप वावरात असतात तेवढे सगळे तास लेकराजवळ कोण? हे आधी सोडवलं की दुसरं उत्तर सोपं होतं. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या.

पायरी १ : लेकराच्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा. सकाळी माय घरातून निघते तेव्हापासून ती परत येते तोवरचे तास एकाखाली एक मांडा आणि प्रत्येक तासासमोर लेकराजवळ असलेल्या माणसाचं नाव लिहा. जिथं नाव सुचत नाही तिथं फुली मारा.

सोंगणीतला दिवस घेऊ. माय साडेसहाला जाते, सहाला येते. म्हणजे साडेअकरा तास. अंगणवाडी साधारण चार तास चालते, उरले साडेसात. कॉन्व्हेंटची गाडी साडेआठला नेते आणि एकला आणून सोडते, म्हणजे उरले सात. फी भरून अर्धा तासच वाढला. हे कागदावर दिसलं की बाया एकदम गप्प होतात, कारण "कॉन्व्हेंटमध्ये टाकलं की पोराची काळजी मिटते" असं बहुतेक घरांत धरून चाललेलं असतं.

हा कागद एकच करून भागत नाही. आपलं वर्ष पिकाप्रमाणं बदलतं. जून-जुलैत पेरणी आणि निंदण, भंडारा-गोंदियाकडं धानाची रोवणी, ऑक्टोबरात सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापूस वेचणी पार जानेवारीपर्यंत. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलला मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, आणि तिथं तर पहाटे चारलाच घर सोडावं लागतं. नेमकी दिवाळीची सुट्टी आणि वेचणीचे दिवस एकत्र येतात, तसंच उन्हाळ्याची सुट्टी आणि तेंदूपत्ता. तेव्हा निदान दोन कागद करा, एक कामाच्या घाईच्या दिवसांचा आणि एक रिकाम्या दिवसांचा. घाईच्या कागदावरच्या फुल्या ही तुमची खरी गरज. पैसा, माणूस, शेजार, जे काही जमेल ते आधी त्या फुल्यांवर लावायचं.

पायरी २ : तीन वर्षांच्या आतलं लेकरू

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण या वयाबद्दल कुणीच बोलत नाही. अंगणवाडीचं शिकवणं आणि तिथं बसून खाणं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला घरी नेण्याचं पाकीट मिळतं, लस मिळते, वजन होतं. पण दिवसभर सांभाळायला तिथं कोणी नसतं. म्हणजे सगळ्यात नाजूक वयात सगळा भार घरावर.

आजी असेल तर मोठा आधार. पण आजीला सगळं जमतं असं धरू नका. तिला दिसतं किती, चालता पोराच्या मागं धावता येतं का, औषधाची गोळी घेऊन ती दुपारी झोपते का, हे मोकळेपणानं बोलून घ्या. यात तिचा अपमान नाही. मग आजीला झेपेल असं घर करा. पाण्याचं टाकं झाकलेलं, चूल विझवलेली, आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घरात नकोतच, उंच फळीवरही नकोत. रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल भरायची सवय असेल तर आजच मोडा. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं दगावली. लेकराचं अंग त्यापुढं केवढंसं! फवारलेल्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावरसुद्धा पोर बसवू नये, ते याचसाठी. झोळी बांधायचीच तर फवारणी न झालेल्या वावरात बांधा, विहिरीपासून लांब, आणि जवळ एक मोठं माणूस थांबलेलं हवं.

थोरल्या बहिणीला मात्र या कागदातून वगळा. सात-आठ वर्षांची पोर लेकराला भरवू शकते, खेळवू शकते, पण ताप चढला, नाकात दाणा गेला तर तिला काय कळणार? आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिलेला आहे. घरातल्या एका लेकराच्या सांभाळासाठी दुसऱ्याची शाळा गेली तर तो सांभाळ फार महाग पडला.

मग करायचं काय? आमच्या एका गटातल्या बायांनी काढलेला मार्ग सांगते. सहा जणी, प्रत्येकीचं एक लहान लेकरू, सगळ्या एकाच वाडीतल्या. रोज एकीनं घरी थांबायचं आणि सहाही पोरं सांभाळायची. बाकी पाच जणींनी तिला साठ-साठ रुपये द्यायचे. रोजी ३०० धरली तर थांबणारीची पूर्ण मजुरी निघते आणि जाणारीच्या हातात २४० राहतात. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. कुणाचं पोर जास्त रडतं, कुणी डबा कमी दिला, असंच. मग त्यांनी तीन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येक पोराचा डबा आणि पाण्याची बाटली घरून येईल. आजारी पोर त्या दिवशी आणायचं नाही. पैसे संध्याकाळी हातावर, उधारी नाही. त्यानंतर वेचणी संपेपर्यंत ते चाललं. तुमच्याकडं तीनच जणी असतील तर हिशेब जमणार नाही, निदान पाच लेकरं हवीत. एका बाईनं सहापेक्षा जास्त लहान पोरं घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

रोजगार हमीच्या कामाबद्दलही एक माहीत असू द्या. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं सोबत आली तर त्यांच्याजवळ एका मजूर बाईला बसवायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची, अशी तरतूद केलेली होती. बायांनी मागितलं तिथंच ती पाळली गेली. कामाची मागणी लिहून देताना मुलांची संख्याही त्याच कागदावर लिहून द्या. केंद्र सरकारची 'पाळणा' योजना अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. असं केंद्र तुमच्या तालुक्यात आहे का, हे पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा. आपल्या गावासाठी मागणी करायची जागाही तीच.

पायरी ३ : अंगणवाडी स्वतः जाऊन पाहा

तीन वर्षं झाली की मग निवडीचा प्रश्न. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका. एक दिवस मजुरी बुडाली तरी चालेल, न सांगता साडेदहा-अकराला जा आणि तासभर भिंतीला टेकून बसा.

अंगणवाडी ही 'खिचडी खायची जागा' असं आपल्याकडं म्हणतात. त्यामागचं काम फार जुनं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत गरिबांच्या पोरांसाठी बालवाडी सुरू केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. म्हणजे ही सोय विदर्भात पहिल्या दिवसापासून आहे.

आता तासभर बसून पाहायचं काय, ते मी पाहिलेल्या एका अंगणवाडीवरून सांगते. पत्र्याची खोली, बाहेर कडुनिंब. सेविकाबाईंनी एका परातीत तूर, हरभरा आणि मूग एकत्र केले होते. चार पोरं परातीभोवती. एकेक दाणा चिमटीत धरून तीन वाट्यांत वेगळा करत होती. एक मुलगा मूग सारखा तुरीच्या वाटीत टाकायचा. बाईंनी त्याला रागावलं नाही. त्याचा मूग आणि वाटीतली तूर त्याच्याच तळहातावर शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "पाय बरं, दोघं सारखे हायेत का?" त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मूग उचलून बरोबर वाटीत टाकला. कोपऱ्यात एक कोलाम आदिवासी मुलगी गप्प बसली होती. मदतनीस तिच्याच पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या. त्या तिच्याशी कोलामीत बोलल्या, तशी ती उठून परातीजवळ आली.

शिकणं यालाच म्हणतात. दाणा चिमटीत धरताना जी बोटं तयार होतात तीच पुढं पेन्सिल धरतात. सारखं-वेगळं ओळखणं ही गणिताची सुरुवात. राज्याच्या अंगणवाडी अभ्यासक्रमात गाणी, गोष्टी, खेळ, माती, रंग यांतून हेच करायला सांगितलं आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणच म्हणतं. त्या वाढीला बोलणं, खेळणं आणि पोटभर अन्न लागतं.

तेव्हा तुमच्या तासाभरात हे पाहा. बाई मुलांशी बोलतात का, की नुसतं "गप बसा" चालू आहे? मुलं बोलतात का? गोष्ट किंवा गाणं झालं का? आहार गरम होता का, सगळ्यांना पुरला का, हात धुतले का? पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का? वजनकाटा आहे का, आणि मागच्या महिन्याचं वजन बाई दाखवू शकतात का? घरच्या भाषेत बोलणारं कुणी आहे का? कोरकू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरांसाठी तर मी हाच प्रश्न पहिला धरते. परक्या भाषेत चार तास बसवलेलं तीन वर्षांचं पोर मुकं होतं.

इमारत पाहून निर्णय घेऊ नका. रंगवलेल्या भिंतीची, टीव्ही असलेली पण पोरं रांगेत गप्प बसवलेली अंगणवाडी मी पाहिली आहे.

पायरी ४ : कॉन्व्हेंट हवंच असेल तर

ज्या मायबापांना कॉन्व्हेंट हवं असतं त्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. "आमचा तं जलम वावरात गेला, पोराचा नाही जाऊ द्याचा," हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे, आणि माझ्या आईनंही माझ्यासाठी हेच म्हटलं होतं. इंग्रजी आलं तर पोरगं पुढं जाईल ही आशा खरी आहे. प्रश्न एवढाच, की साडेतीन वर्षांच्या वयात त्या आशेची किंमत कशासाठी मोजली जाते.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला तालुक्याच्या गावी अशा ठिकाणी टाकलं होतं. फीसाठी गटातून कर्ज उचललं. दिवाळीपर्यंत त्याच्या चार रेघी वहीत ए-बी-सी-डीची पानंच्या पानं भरली होती. बाई त्याचा हात धरून गिरवत. घरी मी विचारलं, "यात बी कोणतं?" तर तो वहीकडं न पाहता पूर्ण ए-बी-सी-डी म्हणून दाखवायचा. अक्षर एकही ओळखत नव्हता. मग सकाळी गाडीचा हॉर्न ऐकला की उलटी करू लागला. मी चार महिने हट्ट धरला, त्याची मला आजही खंत आहे. जानेवारीत काढून गावच्या अंगणवाडीत घातलं, आणि कर्जाचे हप्ते पुढं वर्षभर चालले.

सगळीच कॉन्व्हेंट अशी नसतात. चांगलं ओळखायला तिथंही तासभर बसायला मागा. पालकाला आत बसू देत नाहीत तिथं पोर ठेवू नका. बसल्यावर पाहायचं तेच, जे अंगणवाडीत पाहिलं. त्यावर आणखी थोडं विचारा. एका बाईकडं किती मुलं? त्या मागच्या वर्षीही इथंच होत्या का? दर वर्षी बाई बदलत असेल तर लहान पोराचा जीव तिथं लागत नाही. लेकराला तहान लागली, शी-शू लागली तर ते मराठीत सांगू शकतं का, की इंग्रजीतच बोलायची सक्ती आहे? केजी-टू झाल्यावर पुढं पहिली कुठं, आणि त्या पहिलीला शासनाची मान्यता व युडायस क्रमांक, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीचा क्रमांक आहे का?

गाडी स्वतः बघा. दार नीट लागतं का, किती पोरं कोंबली आहेत, चालकाशिवाय दुसरं मोठं माणूस आहे का. पोर ज्या गाडीतून रोज जाणार त्या गाडीत एकदा तुम्ही बसून जा.

मग पैशाचा हिशेब, आणि तो रुपयांत न करता मजुरीच्या दिवसांत करा. समजा फी ९,०००, गाडीचे महिना ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ५,०००, गणवेश-बूट-पुस्तकं-गॅदरिंग मिळून ३,०००. झाले १७,०००. रोजी ३०० असेल तर जवळपास ५७ दिवसांची मजुरी, म्हणजे पूर्ण वेचणी एका पोराच्या नर्सरीवर गेली. दुसरं पोर पाठीवर असेल तर दोन वर्षांनी तेच दुप्पट. मुलगा कॉन्व्हेंटला आणि मुलगी अंगणवाडीला, हे बहुतेक घरांत इथूनच सुरू होतं. दोघांना जमत नसेल तर एकालाही नको, असं मी स्पष्ट सांगते. त्या पैशातून रोज एक अंडं घेतलं तर सात रुपयांच्या भावानं वर्षाला अडीच हजार लागतात. उरलेल्यात पायरी दोनमधल्या सांभाळाचा खर्च भागतो.

फी थकली म्हणून दाखला अडवून ठेवल्याचे अनुभव बायांना येतात. पहिलीनंतर शाळा बदलताना घाबरू नका. दाखला यायला उशीर झाला या कारणानं सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे.

पायरी ५ : पंचवीस टक्क्यांची सोडत

याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणं खाजगी विनाअनुदानित शाळेत सुरुवातीच्या वर्गाच्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी असतात. ज्या शाळेत पूर्व-प्राथमिक वर्ग आहे तिथं तिथूनच. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यानं नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. तेव्हा "आता ते बंद झालं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अर्ज ऑनलाइन असतो आणि निवड सोडतीनं. आर्थिक दुर्बल गटासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. मुलाचा जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, जात किंवा उत्पन्नाचा दाखला हे कागद डिसेंबरातच जमवा, कारण अर्ज सुटतात तेव्हा तहसीलमध्ये आणि सेतूवर झुंबड असते. अर्जात नाव आणि जन्मतारीख दाखल्याप्रमाणं तंतोतंत टाका. सोडतीत नंबर लागूनही स्पेलिंगपायी पडताळणीत अडकलेली पोरं मी पाहिली आहेत.

आपल्या खेड्यांची अडचण वेगळी. अशी शाळा तालुक्याला असते आणि फी माफ झाली तरी गाडीचं भाडं घरचंच. त्यामुळं गावापासून अंतर जास्त असेल तर अर्ज भरण्याआधी पायरी चारमधला गाडीचा हिशेब पुन्हा काढा.

पायरी ६ : अंगणवाडी चांगली नसेल तर सुधारून घ्या

पोर काढून घेणं सोपं वाटतं. पण बोलू शकणाऱ्या मायबापांनी पोरं काढली की अंगणवाडीत ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचीच पोरं राहतात आणि ती आणखी खालावते. म्हणून आधी हे करून पाहा.

पहिल्यांदा सेविकेशीच बोला, एकटीनं नको, चार-पाच मायांनी मिळून. त्यांच्या कामाचा ढीगही बघा: पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर रोजची हजेरी आणि फोटो, सर्वेक्षणं, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या भेटी. मोबाईलमध्ये मान खाली घातलेली बाई आळशी असतेच असं नाही. बऱ्याच ठिकाणी आळीपाळीनं एकेका मायनं तासभर मदतीला बसायचं ठरवल्यावर गोष्टी-गाणी पुन्हा सुरू झाली. यवतमाळात 'आरंभ' उपक्रमातून पालक मेळावे सुरू झाले, त्यात मायबापच पोरांसोबत खेळ घेतात. तुमच्या अंगणवाडीत मेळावा कधी झाला ते विचारा, आणि बापालाही पाठवा.

बोलून फरक पडला नाही तर सेविकांच्या वरच्या मुख्यसेविका, नंतर बालविकास प्रकल्प अधिकारी. तोंडी सांगू नका. साधा अर्ज, तारखा घालून ("अमुक तारखेपासून इतके दिवस गरम आहार मिळाला नाही"), खाली सह्या-अंगठे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. दिवसाला किती कॅलरी आणि प्रथिनं द्यायची, याचं प्रमाणही ठरलेलं आहे. आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळायला हवीत, तीही या अर्जात विचारा.

वाडीवर, पोडावर, तांड्यावर अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची ४० मुलं असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाप्रमाणं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची आहे. त्याहून कमी मुलं असतील तरी ग्रामसभेत ठराव घ्या. मुलांची नावं आणि जन्मतारखांची यादी आधीच तयार ठेवा. यादी असली की टोलवाटोलवी कमी होते.

संपाचे दिवसही धरून चला. २०२३ च्या डिसेंबरात सेविकांचा संप सुरू झाला तो दीड महिन्याहून जास्त चालला, ऐन वेचणीत. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, पण गावातली पोरं वाऱ्यावर राहिली. पायरी दोनमधली सहा जणींची पाळी जिथं होती तिथं निभावलं.

पायरी ७ : वजन, कान, बोलणं

पोर कुठंही जात असो, कॉन्व्हेंटलाही, दर महिन्याचं वजन अंगणवाडीत करून घ्या आणि आकडा घरी लिहून ठेवा. दोन महिने सलग वाढ नसेल तर थांबू नका. दंडाला गुंडाळायच्या पट्टीत साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली माप आलं तर लेकरू तीव्र कुपोषित असू शकतं. तेव्हा आशाताईंना घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. तिथं मायला सोबत राहावं लागतं, त्याची बुडीत मजुरी मिळते, ती मागून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायला येतं. त्या दिवशी पोर घरी ठेवू नका. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. "आमच्यात उशिराच बोलतात," म्हणून वर्षं वाया गेलेली मुलं माझ्या ओळखीची आहेत. त्यातल्या एकाला फक्त ऐकू येत नव्हतं.

पायरी ८ : कागद आणि वय

पोषण ट्रॅकरवर माय आणि लेकराचं नाव, आधार, चालू मोबाईल नंबर बरोबर आहे ना, सेविकेकडून पाहून घ्या. पाकीट घेताना पडताळणीत त्यावरच अडतं. वीटभट्टीवर किंवा सोंगणीला दुसऱ्या तालुक्यात जात असाल तर निघण्याआधी सेविकेला सांगून स्थलांतराची नोंद करा, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत आहार आणि लस मिळते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज सेविकेकडंच भरतात. त्यात पहिलीत गेल्यावर ६,००० रुपये येतात, दप्तर-वह्यांचा खर्च त्यातून निघतो.

वय पुढं ढकलून पहिलीत घालू नका. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होतील त्याच वर्षी पहिली. एक वर्ष लवकर घातलेलं पोर तिसरीत मागं पडतं आणि मग मास्तर त्याला ढ ठरवतात.

पायरी ९ : पहिले पंधरा दिवस

जागा ठरली, आता सोडायचं. हे काम सोंगणीच्या पहिल्या दिवशी करू नका. पेरणी झाली, निंदण लागायचं आहे, अशा मधल्या आठवड्यात करा. पहिले दोन-तीन दिवस माय किंवा आजी सोबत बसते. चौथ्या दिवशी अर्धा तास बाहेर, मग एक तास, मग दुपारपर्यंत. नजर चुकवून पळू नका. "मी जातो, खिचडी झाली का आजी येईन," असं तोंडावर सांगा, पोर रडलं तरी. आणि खिचडी झाली की आजीच आली पाहिजे, शेजारीण नाही, भाऊ नाही. मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पोराच्या खिशात द्या. आमच्याकडच्या एका सेविकाबाई तो खिळ्याला टांगून ठेवतात, रडू आलं की पोर जाऊन तो गालाला लावतं आणि परत परातीजवळ येऊन बसतं.